अंडे फोडल्यानंतरचे मराठी

चकलीचा पहिला तुकडा तोंडात आणि दिवाळी अंक मांडीवर, अशा सुखाच्या वेळी वाचकाला टीकालेखाकडे वळवणे हा थोडासा छळच आहे, हे मला ठाऊक आहे. ‘यंदा एखाद्या दुर्लक्षित गद्यप्रकारावर लिहा’ असे संपादकांनी कळवले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बखरी असाव्यात. मी लिहितो आहे तो पाककृतींवर; आणि त्यातही एकाच पदार्थावर. पालकाची भाजी परतायची, तीवर अंडी फोडायची, आणि भाकरीशी खायची, एवढा तो साधा पदार्थ. फराळाच्या ताटाशेजारी अंडे आणून ठेवल्याबद्दल, ज्या घरांत ते चालत नाही त्या घरांची आरंभीच क्षमा मागतो. मीही तशाच घरात वाढलो आहे. ते पुढे येईलच.

झाले असे की, गेल्या माघात आमच्या सौ.च्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. ‘पंधरा दिवस धूर नको, वाफ नको, फोडणी नको,’ असे डॉक्टरांनी बजावले. चाळीस वर्षे मी कथा-कवितांची चिरफाड करीत आलो, पण भाजी चिरण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता. सोपे काय, म्हणून मी हा पदार्थ निवडला. पालक बाजारात भरपूर होता, अंडी घरात होती, आणि फळीवर पाककृतींची चार पुस्तके व मासिकांतून कापून ठेवलेल्या पानांची एक जाडजूड फाईल होती. छापील मजकूर समोर असला की मला भीती वाटत नाही. पहिल्या दिवशी अंड्याचा बलक खडूसारखा झाला. दुसऱ्या दिवशी पांढरे इतके कच्चे राहिले की ते ताटात भाकरीच्या आधी पोहोचले. तेव्हा टीकाकाराने जे करायचे तेच मी केले: दोष स्वतःकडे न घेता संहिता पुन्हा वाचायला काढली.

त्या संहितेचा एक मासला येथे देतो. तो मीच जुळवलेला आहे, म्हणजे कोणा लेखिकेला लागायला नको. पण अशा दहा-बारा कृती वाचलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. ‘पालक निवडून, धुऊन बारीक चिरावा. तेलात लसूण लालसर होईतो परतावा, कांदा गुलाबी होऊ द्यावा. पालक घालून अंगचे पाणी आटेपर्यंत परतावा व एक वाफ आणावी. नंतर त्यात अंडी फोडून घालावीत व मध्यम आचेवर ५ मिनिटे कुक करावे. हाफ फ्राय हवे असल्यास ३ मिनिटे.’

वाचकहो, हा उतारा मोठ्याने वाचून पाहा. ‘एक वाफ आणावी’ येथपर्यंत एक बाई बोलते आहे. तिच्या हातात उलथने आहे आणि तिचे लक्ष कढईत आहे. ‘नंतर’ या शब्दानंतर ती बाई निघून गेली आहे, आणि तिच्या जागी घड्याळ येऊन बसले आहे. भाषाही बदलली. पालक ‘परतला’ जातो, अंडे मात्र ‘कुक’ केले जाते. आमची पाककृती पालेभाजीपर्यंत मराठीत बोलते आणि अंडे फुटताच भाषांतर करू लागते, असे माझे म्हणणे आहे. सगळा लेख एवढ्याच म्हणण्यासाठी आहे.

आधी त्या पहिल्या भागातले मराठी किती नेमके आहे ते पाहू. ‘कांदा गुलाबी होऊ द्यावा.’ गुलाबाच्या रंगाचा कांदा मी तरी कढईत पाहिलेला नाही. पण कच्चा पांढरेपणा गेला आहे आणि तांबूसपणा अजून आलेला नाही, अशी जी मधली चार क्षणांची अवस्था, तिला दुसरा शब्द सुचवून पाहा. ‘तेल सुटेपर्यंत’ हा प्रयोगही असाच. मसाल्यातले पाणी संपल्याची खूण त्यात पकडली आहे. ‘अंगाबरोबर रस’ या दोन शब्दांत भाजीला अंग आहे आणि रस्सा तिच्या अंगावरचे वस्त्र आहे. त्यापेक्षा कमी पाण्याला ‘अंगासरसे’ म्हणतात की अंगाबरोबर आणि अंगासरसे एकच, यावर आमच्याकडे दोन बहिणींचे एकदा चांगलेच वाजले होते. आणि ‘एक वाफ’! मराठी स्वयंपाकघरातले हे कालमापनाचे एकक आहे. एक वाफ म्हणजे किती मिनिटे, असे विचारणाऱ्याला उत्तर नाही. झाकणाच्या कडेने धूसर धागा निघाला, आतल्या बाजूने थेंब जमले, की एक वाफ झाली. कढई जाड असो की पातळ, मेथी कोवळी असो की जून, वाफ आपल्या वेळेला येते आणि तीच खरी वेळ. या साऱ्या शब्दांचा गुण एकच: ते माप देत नाहीत, खूण देतात. काय दिसेल, काय ऐकू येईल, कशाचा वास बदलेल, ते सांगतात.

मग अंड्याला अशी एकही खूण का मिळू नये?

याचे उत्तर छापखान्याच्या इतिहासात थोडे आहे आणि घराच्या मागच्या दारात जास्त आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचे नाव घेतात. (हे ‘सूप’ म्हणजे हॉटेलात वाटीभर मिळते ते नव्हे, संस्कृतातले, वरण-सार या अर्थाचे. स्वयंपाक्याला सूपकार म्हणत ते त्यावरूनच.) १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. धुरंधरबाई पाठारे प्रभूंच्या घरातल्या, त्यामुळे मांस-मासळीपासून सोवळे राहण्याचे त्यांना कारण नव्हते. मला त्यांचा ‘क्रिया’ हा शब्दच फार आवडतो. आपण पुढे ‘कृती’ म्हणू लागलो. कृती ही होऊन गेलेली वस्तू, क्रिया ही चाललेली. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने शेर-छटाक आणि ग्रॅम यांच्याऐवजी वाटी आणि चमचा पुढे केला. सासूपासून दूर, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पहिल्यांदाच एकटी उभी राहिलेली सून डोळ्यापुढे ठेवून केलेली ही सुधारणा होती, आणि ती किती मोठी होती हे त्या सुनांना विचारावे. ‘रुचिरा’वर आमच्या समीक्षकांनी चार पाने लिहिली असती तर बिघडले नसते. एवढ्या मराठी माणसांनी एवढ्या विश्वासाने वाचलेली आणि वाचून ताबडतोब आचरणात आणलेली गद्याची पुस्तके आपल्याकडे किती आहेत?

पण वाटीने पीठ मोजता येते, वेळ मोजता येत नाही. आणि छापील पुस्तक घेणारा जो मध्यमवर्ग, त्याच्या पुष्कळ घरांत अंड्याला उंबऱ्याच्या आत जागाच नव्हती. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांनी अंडी सांगितली, तेव्हा मागच्या पडवीत एक स्टोव्ह आला. अंड्याचे भांडे वेगळे. ते खिळ्याला टांगलेले असे आणि ते घासण्याचे काम वडिलांचेच असे. घरात ‘अंडे’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे. ‘औषध आणलं का?’ असे आई विचारी. ज्या वस्तूचे नावच घ्यायचे नाही, तिच्या शिजण्याला वाक्प्रचार कोठून यावेत? ती वस्तू पुढे पडवीतून आत आली, ती इराण्याच्या हॉटेलातले आणि रेल्वेच्या डब्यातले शब्द बरोबर घेऊन: ऑम्लेट, हाफ फ्राय, बॉइल. लोकांना वाटले, अंड्याला मराठी नाहीच.

हा गैरसमज आहे, आणि तो माझाही होता. मराठी होते, ते माझ्या घरात नव्हते, एवढेच. ज्या असंख्य घरांत अंडे पडवीत नव्हे, चुलीशी होते, तेथे ऑम्लेटला अंड्याची पोळी म्हणतात, कोठे पोळा म्हणतात. उकडण्याची वाट न पाहता उकळत्या रश्श्यात अंडी फोडून सोडलेले कालवण तेथे पिढ्यान्‌पिढ्या होते आहे. त्या कालवणात अंडे ‘बसते’, ‘धरते’, ‘फाटते’. ही क्रियापदे मी छापलेली क्वचितच पाहिली.

शेजारच्यांनी याबाबतीत आपल्यापेक्षा बरे केले. मुंबईच्या पारशी घरांतून हाच पदार्थ ‘भाजी पर ईडुं’ या नावाने होतो. टोमॅटोवर, भेंड्यांवर, बटाट्याच्या सळ्यांवर, कशावरही ते अंडी फोडतात, आणि प्रत्येक नावात तो ‘पर’ कायम असतो. नीलोफर इचापोरिया किंग यांचे ‘माय बॉम्बे किचन’ २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, त्या इंग्रजी पुस्तकातही हा ‘पर’ शाबूत आहे. त्या एका शब्दयोगी अव्ययात अर्धी कृती आहे: अंडे भाजीवर आहे, भाजीत नाही, ते ढवळायचे नाही. आमच्या मासिकांतला ‘अंडा-पालक’ पाहा. मध्ये नुसती आडवी रेघ. वर कोण, खाली कोण, काही पत्ता नाही. इराणात पालकावर अंडी घालून करतात त्याला ‘नर्गिसी’ म्हणतात. नर्गिसाचे फूल पांढरे आणि मध्ये पिवळे. ज्याने हे नाव ऐकले, तो बलक फोडून ढवळणार नाही. त्याला चित्रच दिलेले आहे.

आता या पदार्थात अडचण नेमकी कोठे आहे, ते सांगितले पाहिजे. कारण पुस्तके तिच्याविषयी मौन पाळतात. पालेभाजीला उघडी कढई हवी असते. पानांत थोडे आम्ल असते. शिजताना ते बाहेर येते, आणि झाकण असले तर ते वाफेबरोबर निसटण्याऐवजी परत भाजीवरच पडते. मग पानांच्या हिरव्या द्रव्यातले मॅग्नेशियम सुटते आणि भाजी शेवाळी, काळपट होते. म्हणून जुन्या बायका पालकावर झाकण ठेवू देत नाहीत आणि ठेवलेच तर एका वाफेपुरते. याउलट अंड्याला झाकण हवे. खालून आच लागते तेव्हा खालचे पांढरे धरते, पण वरचे तसेच राहते. ते वाफेनेच शिजायचे. भाजीला उघडे, अंड्याला झाकलेले, आणि कढई एक! नाटककाराने हेवा करावा असा हा पेच आहे. त्यात अंडे मोठे हळवे. पांढरे सुमारे ६२-६३ अंशांना धरू लागते, बलक ६५ च्या पुढे दाट होतो आणि ७० च्या सुमाराला घट्ट होतो. म्हणजे पांढरे धरलेले आणि बलक अजून हलता, ही जी इष्ट अवस्था, ती फार थोड्या अवधीची. कढई बिडाची की ॲल्युमिनियमची, अंडी दोन की सहा, फडताळातली की फ्रीजमधली, भाजीत पाणी किती उरले आहे, यांवर तो अवधी मागेपुढे सरकतो. तेव्हा ‘५ मिनिटे’ हे दिसायला शास्त्रीय असले तरी ‘एक वाफ’पेक्षा कितीतरी मोघम आहे. ते लेखिकेच्या कढईतले खरे असेल. माझ्या कढईत ते खोटे पडले.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कढई चढवली. ही शेजारच्या खोलीत पडलेली, डोळ्यावर झापड. आमची मंडळी पनवेलकडची, कायस्थांची; तिच्या माहेरी अंडे पडवीत नव्हते. दोन दिवस तिने माझे ताट मुकाट्याने खाल्ले होते. त्या दिवशी मात्र तिला राहवेना.

“अहो, अजून पाणी आहे त्याच्यात.”

“तुला काय दिसतंय?”

“दिसायला कशाला हवं? खदखदतंय ते. चरचरायला लागलं की सांगा. नाही, राहू द्या, मीच सांगते.”

आणि तिने सांगितले. मला तोवर कढईचे आवाज दोन असतात हे माहीत नव्हते. पालकात निव्वळ वजनाने दहांत नऊ भाग पाणी. ते असेतो भाजी खदखदते, सरले की चरचरते. मग उलथन्याच्या पाठीने खळगे करायला लावले, अंडी एकेक वाटीत फोडून मग खळग्यात सोडायला लावली. मी सवयीने ताटात पाणी घालून ते झाकण म्हणून ठेवू लागलो, तर पाण्याचा आवाज ऐकून ओरडली, “पाणी नको वरती! थेंब पडून अंडं पाणचट होईल.” गरम झाकण, कोरडे, आच बारीक. मी घड्याळाकडे पाहू लागलो.

“घड्याळ नका बघू. झाकण जरा उचला. बलकावर साय आली?”

साय! मी झाकण उचलले. बलकावर पातळ पांढऱ्याचा जो पापुद्रा असतो तो आतापर्यंत काचेसारखा होता; आता तो धुरकट झाला होता, तापून निवणाऱ्या दुधावर पहिली सुरकुती यावी तसा. खाली पिवळे दिसत होते, पण सायीआडून.

“आली.”

“कढई हलवा. काय हलतंय?”

“पिवळं हलतंय. पांढरं नाही.”

“मग उतरवा, आणि झाकण काढून ठेवा. नाहीतर उतरवल्यावरही शिजत राहील.”

त्या दिवशी अंडे जसे व्हावे तसे झाले. पण मी जेवणापेक्षा त्या वाक्याशीच जास्त वेळ होतो. ‘बलकावर साय आली’: चाळीस वर्षांत मी कवितांतल्या कितीतरी प्रतिमा वाखाणल्या, त्यांतल्या निम्म्या याच्यापुढे उभ्या राहणार नाहीत. त्यात घरातलीच ओळखीची वस्तू आहे, रंग आहे, पोत आहे, आणि ती नेमकी त्याच क्षणापुरती खरी आहे. तिला विचारले, हा शब्द कोठला? ती म्हणाली, “कोठला म्हणजे? आई म्हणायची.” एवढीच त्याची संदर्भसूची.

याच्याशी ताडून पाहावा असा एक इंग्रजी लेखनाचा नमुना आहे. एलिझाबेथ डेव्हिड या बाईंनी १९५० साली भूमध्य समुद्राकाठच्या स्वयंपाकावर पहिले पुस्तक लिहिले, तेव्हा इंग्लंडात अजून रेशनिंग होते; ते १९५४ पर्यंत पुरते उठले नाही. अंडी आणि लोणी स्वप्नात यायची अशा वाचकांसाठी त्या लिहीत होत्या, म्हणून त्यांच्या पुस्तकांत माप थोडे आणि वर्णन पुष्कळ. १९६० च्या ‘फ्रेंच प्रोव्हिन्शिअल कुकिंग’मध्ये त्या मों सें-मिशेलच्या पुलारबाईंची हकीकत सांगतात. या बाईंच्या खाणावळीतले ऑम्लेट जगभर गाजलेले. कोणी म्हणे त्या साय घालतात, कोणी म्हणे तवाच खास आहे. अखेर एकाने पत्र लिहून गुपित विचारले. बाईंचे उत्तर दोन-चार ओळींचे: चांगली अंडी घेते, फेटते, लोणी टाकते, अंडी ओतते, तवा हलवत राहते. झाले! डेव्हिडबाईंनी हे उत्तर किती कौतुकाने दिले आहे. मला मात्र त्यात थोडी उणीव दिसते. पुलारबाईंनी हात सांगितला, डोळा सांगितला नाही. हलवणे कधी थांबवायचे ते गिळले. आमच्या घरातली कृती तिच्यापेक्षा एका सायीने पुढे आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. अभिमान सासुरवाडीचा आहे, म्हणून क्षम्य.

एक आक्षेप मला माझ्याच लेकीने घेतला, आणि तो खोडून काढता आलेला नाही. ती परदेशी असते. फोनवर हे सारे ऐकून म्हणाली, “बाबा, खुणा आईच्या शेजारी उभं राहिलेल्यांना कळतात. मी उभी नव्हते. मला मिनिटंच लागतात.” खरे आहे. ‘गुलाबी कांदा’ ज्याने कधी पाहिला नाही, त्याला तो शब्द निरुपयोगी. मिनिटे आणि ग्रॅम ही पोरक्यांची सोय आहे, आणि त्यांना नावे ठेवणारे बहुधा शिजवून घेणारे असतात, शिजवणारे नव्हेत. हल्ली चित्रफितींत सगळे दिसते, असेही ती म्हणाली. मी दोन-तीन पाहिल्या. साय दिसली, पण नेमक्या त्याच वेळी वाजंत्री लावलेली होती आणि ती बाई ‘परफेक्ट’ एवढेच म्हणाली. त्यामुळे माझे मागणे बेताचे आहे: मिनिटे असू द्यावीत, पण त्यांच्या शेजारी खूणही छापावी. आणि ती खूण मध्यमवर्गाच्या पुस्तकांतून मिळणार नाही; ज्यांच्या घरी अंडे कधी औषध नव्हते, त्या बायकांना विचारून ती गोळा करावी लागेल.

माझ्यापुरती सुरुवात करतो. दोघांना पालकाच्या दोन जुड्या. निवडून, तीन पाण्यांत धुऊन, निथळून, मग चिरावा; आधी चिरून धुऊ नये. तेलात ठेचलेल्या लसणीच्या सहा-सात पाकळ्या लालसर, हिरवी मिरची, एक कांदा गुलाबी. पालक मुठी-मुठीने घालावा. कढई भरून वाटला तरी भिऊ नये, पाहता पाहता तो दोन वाट्यांवर येतो. म्हणूनच मीठ आधी घालू नये. ढीग पाहून घातलेले मीठ बसलेल्या भाजीला खारट करते. झाकण नाही. खदखदणे सरून चरचरू लागले की आच बारीक करावी, खळगे करावेत, चार अंडी सोडावीत, कोरडे झाकण ठेवावे. बलकावर साय आली, आणि कढई हलवल्यावर पिवळे डुलले व पांढरे स्थिर राहिले, की उतरवून झाकण काढावे. ज्वारीच्या भाकरीशी खावे.

मजकूर हिला वाचून दाखवला. आता डोळा स्वच्छ आहे, पण ऐकण्याची सवय तिने सोडलेली नाही. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “भाजीत मीठ आधी घालू नये म्हणालात, मग कधी घालायचं ते कुठे लिहिलंत? पाणी आटल्यावर भाजीत, आणि अंड्यांवर वेगळं, चिमूट चिमूट, झाकण ठेवायच्या आधी.”

तेवढे वाचकांनी वरच्या परिच्छेदात घालून घ्यावे.